नऊ पन्नासची फाइल

जयमाला नव्याण्णव सालच्या नऊ फेब्रुवारीला गेली. आम्हाला मूलबाळ नाही. श्रीगोंद्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल अशी कामं ती करायची. मी साखर कारखान्यात फिटर. तिच्या कामातलं मला काही कळत नव्हतं आणि तिनंही मला कधी मिलचं विचारलं नाही. संध्याकाळी एकत्र जेवायचो, तेवढं पुरत होतं.

ती गेली तेव्हा तिचं एक काम अर्धवट होतं. तालुक्यातल्या बौद्ध समाजाचा वधू-वर मेळावा दोन मेला, रविवारी भरणार होता. त्याची सूची तिनं करायला घेतली होती. एकशे एकोणऐंशी मुलामुलींची नावं, गाव, शिक्षण, उंची आणि प्रत्येकाचा फोटो. समितीकडून एक पैसा घेणार नाही असं तिनं आधीच सांगून टाकलं होतं. दीडशेच्या वर नावं तिनं स्वतः बसवली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीही ती दोन तास मशीनवर बसली होती. राहिलेली नावं प्रज्ञा बसवत होती. प्रज्ञा तिच्याकडंच शिकून तयार झालेली, आता कॉलेजच्या ऑफिसात कामाला. सुटल्यावर आमच्याकडं यायची.

मला एवढंच पाहिजे होतं की पुस्तक जयमालानं बसवलं तसंच निघावं.

चौदा एप्रिलची जयंती झाली, त्याच्या दोन-तीन दिवसांनंतरची गोष्ट. प्रज्ञा काम करत असताना मशीन अडकलं. पडद्यावरचा बाण हलेना. पाच मिनिटांनी सुरू झालं, पुन्हा अडकलं. नेमका त्या वेळी काकासाहेब आला होता. काकासाहेब माझ्याबरोबरचाच, कारखान्याच्या तोलाई विभागात. ऊसतोलाईला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. तेव्हापासून तो कुठल्याही कॉम्प्युटरसमोर डॉक्टरासारखा उभा राहतो.

"सरक गं पोरी," असं म्हणून त्यानं तीन बटणं एकदम दाबली. पडद्यावर एक चौकोन आला. त्यात चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी होती. त्यानं एका नावावर बोट ठेवलं. सिस्ट्रे.

"हा कोन पाव्हणा?"

"तो विंडोजचाच आहे," प्रज्ञा म्हणाली.

"आमच्या कारखान्याच्या मशीनवर न्हाई हा."

"तुमच्याकडं विंडोज तरी आहे का काका? तुमचं जुनं डॉस आहे."

"तू मला शिकव आता," काकासाहेब म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "सहादू, हा व्हायरस हाय बघ. चोर कधी चोर म्हणून नाव सांगतो व्हय? असल्या सरकारी नावानंच बसतो. फॉरमॅट मारावं लागंल."

"म्हंजी?"

"सगळं पुसायचं. मशीन कोरं करायचं."

मी त्याला चहाही न देता वाटेला लावलं. तो गेल्यावर प्रज्ञा म्हणाली, "काका, काही नाही झालेलं. ती फाइल पहिल्यापासून आहे. फोटो जड झालेत म्हणून मशीन अडकतं. मॅडमच्या वेळीही अडकायचं. त्या तेवढ्यात उठून चहा टाकायच्या."

"तू बघितली हुतीस का ती फाइल? पहिल्यापासून?"

"बघितली असेल. लक्ष कोण देतं?"

"मग 'हाय' कशावरून म्हणतीस? तू काय डॉक्टर हायेस?"

ती पुन्हा मशीनकडं वळली. मी असं बोलायला नको होतं. पण मला 'काही नाही' हा शब्द सहन होत नाही. ऑक्टोबरात जयमालाच्या पोटात दुखायला लागलं. रक्त तपासलं, लघवी तपासली, फोटो काढला. प्रत्येक कागदावर नॉर्मल. ॲसिडिटी आहे म्हणाले. तीन महिने आम्ही गोळ्या खाल्ल्या आणि निर्धास्त राहिलो. जानेवारीत पुण्याला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरानं मला बाहेर बोलावलं. आधी का आणलं नाही, असं त्यानं विचारलं. तेव्हापासून कोणी 'काही नाही' म्हटलं की मला पुढचा माणूस आळशी वाटतो.

सोमवारी प्रज्ञानं कॉलेजमधून व्हायरस तपासायची फ्लॉपी आणली. मशीनमध्ये घातली. वीस मिनिटं नावं सरसर वर सरकत होती. शेवटी इंग्रजीत आलं, व्हायरस सापडला नाही.

"झालं समाधान?" प्रज्ञानं विचारलं.

"ही फ्लॉपी कधीची हाय?"

"मागच्या वर्षीची."

"मग औंदाचा व्हायरस तिला कसा सापडंल?"

तिनं कपाळावर हात मारला. पण मी म्हणालो त्यात चूक काय होती, ते अजूनही मला कोणी सांगितलेलं नाही.

मी माझ्या पद्धतीनं तपासायचं ठरवलं. वर्कशॉपमध्ये एखाद्या भागाची शंका आली तर आम्ही वाद घालत नाही. चांगल्या मशीनवरचा तसाच भाग काढतो, व्हर्निअर लावतो, दोन्हींची मापं घेतो. फरक निघाला तर शंकेचा भाग भंगारात आणि चांगला भाग जागेवर. एकवीस वर्षं मी हेच केलं. यात मी कधी फसलो नाही.

प्रज्ञानं मला ती फाइल शोधून दिली. उजवं बटण दाबलं की मापं दिसतात, हेही दाखवलं. मी वहीत फाइलीचा आकार उतरवला आणि तारीख उतरवली. अकरा जुलै पंचाण्णव, सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटं. आता हिच्या जोडीला लावायला दुसरी चांगली फाइल पाहिजे होती.

मंगळवारी रजा टाकून एस.टी.नं नगरला गेलो. तिथं चेतन सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. जयमाला सुरुवातीला तिथंच शिकली होती. माणूस भला. आठ मशीन ओळीनं मांडलेली, पोरं शिकत होती. सरांनी मला बसवलं, जयमालाबद्दल दोन शब्द बोलले. मग मी वही काढली.

"सर, तुमच्या मशीनवरच्या सिस्ट्रेची मापं पाहिजेत."

"मापं?" ते हसले. "शर्ट शिवायचाय का?"

पण त्यांनी दाखवलं. मी वहीत लिहिलं. आकार वेगळा. तारीख वेगळी. चोवीस ऑगस्ट शहाण्णव, अकरा वाजून अकरा मिनिटं. दुसऱ्या मशीनवर बघितलं, तिथंही तेच. तिसऱ्यावरही. आठही मशीनवर चोवीस ऑगस्ट. आमची एकटीच अकरा जुलै.

"सर, फरक हाय," मी म्हणालो.

"विंडोजची आवृत्ती वेगळी असेल तुमची. जुनी."

"असंल म्हंजी? नक्की सांगा."

"असं बघा सहादूभाऊ, मशीन बघितल्याशिवाय नक्की कसं सांगू?"

नक्की कोणीच सांगत नाही. डॉक्टर सांगत नाहीत, हेही सांगत नाहीत. सगळे म्हणतात असेल. मी म्हणालो, "सर, मला तुमची चांगली फाइल द्या. मी बदलून टाकतो."

मग एका पोराला सांगून त्यांनी फाइल फ्लॉपीवर घालून दिली आणि म्हणाले, "घ्या. ही तर चालतेच आहे आमच्याकडं." फाइल चालू मशीनमध्ये बदलता येत नाही, आधी डॉसमध्ये जावं लागतं, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. मी त्यांना हात जोडले.

संध्याकाळी प्रज्ञा आली तेव्हा मी मशीनसमोर बसलो होतो. तिला दोन्ही मापं दाखवली.

"काका, एक मिनिट." तिनं माऊस हातात घेतला आणि विंडोजच्या सगळ्या फाइली उघडल्या. "बघा. हिची तारीख अकरा जुलै, नऊ पन्नास. हिचीही. हिचीही. सगळ्यांची नऊ पन्नास. एका कारखान्यातनं एका दिवशी बाहेर पडलेला माल आहे हा. तुमची सिस्ट्रे याच घरची आहे. उपरी असती तर तिचीच तारीख वेगळी असती."

मला ते समजलं. खोटं कशाला बोलू, त्याच वेळी समजलं. पण आठ मशीन एकीकडं आणि आमचं एक एकीकडं, हे डोक्यातून जाईना.

"आणि सगळीच बिघडली असली तर?"

"काका!"

"प्रज्ञा, तिचे सगळे रिपोर्ट पन एकमेकांशी जुळत हुते."

तिनं माऊस माझ्याकडं सरकवला. मी सरांचा कागद समोर ठेवला, एकेक अक्षर बघत टाइप केलं. जुनी फाइल गेली, नवी बसली. मशीन पुन्हा चालू केलं. नीट चालू झालं. मला वाटलं, पूर्वीपेक्षा लवकर चालू झालं.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

"मला काही फरक वाटत नाही," प्रज्ञा म्हणाली. "आता या मशीनमध्ये एकच फाइल परक्या तारखेची आहे. ती तुम्ही घातलेली."

मी ते कानाआड केलं. दुसऱ्या दिवशी काकासाहेबाला सांगितलं, तर तो म्हणाला, "शाबास. पन घरातल्या फ्लॉप्यांचं काय? व्हायरस येतो तो फ्लॉपीतनंच. त्या ठेवल्यास तर पुन्हा यील." जयमालाचा फ्लॉप्यांचा एक डबा होता, चाळीसेक असतील. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी. मी चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि डबा वर्कशॉपला नेला. आमच्याकडं लोखंडाचा कीस उचलायचं मोठं चुंबक आहे. सगळ्या फ्लॉप्या त्यावरून फिरवल्या. प्रज्ञाला रविवारपर्यंत सांगितलं नाही.

तिनं त्या चार दिवसांत राहिलेली नावं बसवली. तिला कामाची प्रत काढून ठेवायची होती, तर मी म्हणालो, आता या मशीनला फ्लॉपी लागणार नाही. सोमवारी नवा सीलबंद डबा आणू, एकदाच प्रत काढू आणि नगरच्या प्रेसला देऊ. तिनं जुन्या डब्याबद्दल विचारलं तेव्हा मला सांगावं लागलं.

"त्यात मॅडमची जानेवारीपर्यंतची सगळी सूची होती," ती म्हणाली.

"मशीनमधी हाय की."

"आहे," ती म्हणाली. "आहे ना."

सोमवार, सव्वीस एप्रिल. मी नवा डबा घेऊन आलो. प्रज्ञानं ऑफिसला जायच्या आधी येऊन बटण दाबलं. विंडोजचं चित्र आलं. आतली तबकडी घरघर करायला लागली, थांबेचना. मग सगळं जागच्या जागी गोठलं. तिनं बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा काळा. आवाज नाही, अक्षर नाही. पंखा तेवढा फिरत होता. तिनं सात-आठ वेळा बटण दाबलं. नंतर मी दाबलं. प्लग काढला, घातला. बाजूला थाप मारली. फिटर माणूस, दुसरं काय करणार.

मंगळवारच्या पेपरात बातमी होती. जगभर एकाच दिवशी कितीतरी कॉम्प्युटर बंद पडले. सव्वीस एप्रिलला जागा होणारा व्हायरस. मी पेपर तसाच हातात घेऊन नगरची एस.टी. पकडली.

चेतन सरांच्या क्लासात एकही पोरगं नव्हतं. आठही मशीनची झाकणं उघडी. सर मधे स्टुलावर बसले होते, दाढी वाढलेली.

"तुमचंही गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

"आमच्यात महिना-दोन महिने बसला असणार. कळलंच नाही. फाइलीतल्या रिकाम्या जागेत घुसतो म्हणे. आकार बदलत नाही. मापात सापडत नाही तो."

मी उभाच होतो. मापात सापडत नाही.

"सर, तुम्ही दिलेली फाइल—"

ते माझ्याकडं बघायला लागले. त्यांनाही तेव्हाच कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्यांचा राग करता येईना. मीच मागितली होती. ते 'असेल' म्हणाले होते, मीच 'नक्की' करून घेतलं होतं. आमचं मशीन स्वच्छ होतं. जयमाला गेली तेव्हाही स्वच्छ होतं, मी शंका घेत होतो तेव्हाही स्वच्छच. घाण मी आणली, सीटवर मांडीवर ठेवून, साठ किलोमीटर.

त्यांनी एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, मशीनमधल्या तबकडीची सुरुवातच पुसली आहे, पुण्या-मुंबईला कोणी काही काढून देईल तर बघा, महिना-दोन महिने लागतील, खात्री नाही. मेळावा पाच दिवसांवर होता.

संध्याकाळी प्रज्ञाच्या घरी गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, "तुझं बरोबर हुतं. नऊ पन्नास बरोबर हुतं."

"बसा."

"मी आनला तो. नगरवरनं."

"कळलं मला. पेपर वाचला तेव्हाच." तिनं ताट बाजूला ठेवलं. "एक विचारू काका? मॅडम असताना तुम्ही कधी त्या खोलीत येऊन बसलात? एकदा तरी? आणि त्या गेल्यावर एकदम मशीनचे राखणदार झालात."

तिची आई आतून ओरडली, "प्रज्ञे! तोंड आवर." मी म्हणालो, बोलू द्या. ती बोलली ते खोटं नव्हतं.

मग तिनंच विचारलं, "फॉर्म कुठं आहेत?"

"कसले?"

"लोकांनी भरून दिलेले. कागद. मॅडम ते कपाटात वर ठेवायच्या."

मला त्यांची आठवणच नव्हती. माझ्या लेखी सगळं मशीनमध्ये होतं.

प्रज्ञानं प्राचार्यांची परवानगी काढली. बुधवारपासून दुपारी आम्ही कॉलेजच्या ऑफिसातल्या मशीनवर बसायला लागलो. ती टाइप करायची, मी एकेक फॉर्म वाचून दाखवायचो. फोटो टाकायला वेळ नव्हता. जयमालानं बसवलेली चौकट तिला जमेल तशी तिनं आठवून केली. पहिल्याच पानावर मला दिसलं की ती चौकट तशी नाही. मी पुढचा फॉर्म उचलला.

"सावकाश वाचा. उंची काय म्हणालात?"

"पाच-दोन."

"फूट म्हणा. रेल्वेची वेळ नाही ती."

फॉर्मांवर जयमालाचं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. बारीक अक्षर, कोपऱ्यात. एकावर, 'वय दोन वर्षं कमी लिहिलंय, विचारावं.' एकावर, 'मुलाला दारूचं विचारलं. सोडली म्हणतो. आईला वेगळं विचारावं.' मुलींच्या प्रत्येक फॉर्मवर, 'मुलीशी स्वतः बोलले' आणि तारीख. म्हणजे तिनं त्या सगळ्या पोरींना फोन केले होते, नाहीतर गाठून विचारलं होतं. मी संध्याकाळी जेवायला बसायचो तेव्हा ती हात धुता धुता म्हणायची, आज फार बोलणं झालं. मी कोणाशी म्हणून विचारत नव्हतो.

"तुला म्हाईत हुतं हे?"

"हो," प्रज्ञा म्हणाली. "म्हणून तर एवढा वेळ लागला सूचीला. वाचा पुढं."

बेलवंडीच्या भिमाजींच्या मुलीचा फॉर्म आला. नाव रेश्मा, वय एकोणीस. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'मुलीशी स्वतः बोलले. नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय, आत्ता नको म्हणते. वडील ऐकत नाहीत. नाव घेऊ नये, काहीतरी कारण सांगावं.' मी तो वाचला नाही. गठ्ठ्याच्या तळाशी घातला. प्रज्ञानं बघितलं आणि पुढच्या फॉर्मसाठी हात केला.

शुक्रवारी बुद्धपौर्णिमा होती. तरी बसलो, पण शनिवारी सकाळी प्रेसला द्यायचं तोवर एकशे अठरा नावंच झाली. एकसष्ट राहिली. राहिलेल्यांत कितीतरी अशी होती ज्यांना रेश्मासारखी कसलीच हरकत नव्हती.

मेळाव्याला मी सूचीच्या टेबलावर बसलो. समितीनं दुसऱ्या कोणाला बसवायचं ठरवलं होतं, मी म्हणालो, मीच बसतो. ज्यांची नावं नव्हती ते येत राहिले. एक बाई तर पुस्तक टेबलावर आपटून गेली.

"जयमालाताई असत्या तर असं झालं नसतं," एक जण म्हणाला.

"न्हाई, नसतं झालं."

"व्हायरस आला हुता म्हनं मशीनमधी."

"आला नव्हता. मी आनला. चूक माझी हाय. हा तुमचा फॉर्म, फळ्यावर लावा, लोक वाचतील."

असं मी सकाळपासून प्रत्येकाला सांगत होतो. काही ऐकून घेत, काही शिव्या देत. फॉर्मांवरचे जयमालानं पेन्सिलीनं लिहिलेले कोपरे मी आधीच कापून घेतले होते. दुपारी जेवणं चालू असताना भिमाजी आले. फेटा, हातात पुस्तक, पानं मुडपलेली. मागं त्यांची मुलगी उभी होती, पांढरा रुमाल बोटांना गुंडाळत.

"माझ्या पोरीचं नाव कुठं हाय?"

टेबलाखालच्या पिशवीत तिचा फॉर्म होता. तळाशी.

"न्हाई आलं," मी म्हणालो.

"अन् फॉर्म? बाकीच्यांचे फळ्यावर लावले तुमी."

"त्यो पन सापडंना."

"म्हंजी तुमच्या त्या व्हायरसनं माझ्याच पोरीचं नाव खाल्लं का?"

पोरगी माझ्याकडं बघत होती. ती माझ्याकडून कशाची वाट बघत होती, कोणास ठाऊक. मला ती ओळखतही नव्हती.

"व्हय," मी म्हणालो. "खाल्लं. लई वाईट व्हायरस हुता. पुढल्या वर्षी पहिलं नाव तुमचं."

"काय ही मानसं," भिमाजी म्हणाले. "मशीन सांभाळता येत न्हाई, अन् निघाले पुस्तक काढायला." ते पुस्तक माझ्यासमोर टाकून जेवणाच्या रांगेकडं गेले. मुलगी दोन पावलं मागं राहिली. मग तीही गेली.

मी पुस्तक उचललं, मुडपलेली पानं सरळ केली आणि पुढच्या माणसाला नाव विचारलं.